तीन कुलपांचा पाय

खवटदादाला या जगात तीन माणसांचा मनापासून तिटकारा होता, आणि पंचाईत अशी की त्याचा डावा पाय त्याच तिघांच्या ताब्यात होता.

खरं नाव हजेरीपटावर असेल, डेपोत ते कोणी घेत नसे. तोंडावर दादा, पाठ फिरली की खवट. वीसेक वर्षं त्यानं बस चालवली आणि तेवढ्या काळात एकाही प्रवाशाशी गोड बोलला नाही. पायरीवर लोंबकळणारा, उगाच घंटी वाजवणारा, झोप लागून पुढच्या स्टॉपवर गेलेला आणि वर ड्रायव्हरलाच दोष देणारा, सगळ्यांची तो सारखीच हजेरी घ्यायचा. बायकोसुद्धा त्याला बसमुळेच मिळाली. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करायची. रोज सकाळी धावत यायची आणि सुटलेली बस हात दाखवून थांबवायची. एके दिवशी त्यानं थांबवली नाही. दुसऱ्या दिवशी ती बसच्या पुढ्यात रस्त्यात उभी राहिली आणि म्हणाली, "आता जा." तो गेला नाही. "अख्ख्या रूटवर माझ्या तोंडाला तोंड देणारी ती एकच निघाली," असं तो पुढे सांगायचा. बायकोचं कौतुक म्हणून त्याच्याकडून एवढंच निघायचं.

पण गाडी चालवावी तर त्यानं. हे त्याचे वैरीही कबूल करायचे. माणसांनी खच्चून भरलेली बस चढावर थांबवून पुन्हा उचलायची, तर बोटभर मागे यायची नाही. क्लच कुठे धरतो आणि कुठे सोडतो हे त्याच्या डाव्या पायाला माहीत होतं, त्याला विचार करावा लागत नसे.

तो पाय डेपोतच गेला. दुसऱ्या एका ड्रायव्हरनं बस मागे घेतली, मागे न बघता घेतली, आणि दादा दोन गाड्यांच्या मध्ये सापडला. गुडघ्याखालचं सगळं गेलं. महामंडळानं सहानुभूती दाखवली. महामंडळाची सहानुभूती म्हणजे चौकशीची खिडकी. तिथे उंच स्टुलावर बसायचं, जाळीतून बोलायचं, ज्या गाड्या कालपर्यंत आपण नेल्या त्या किती वाजता सुटणार हे परक्या माणसांना सांगायचं, आणि गाडी उशिरा आली की शिव्या आपण खायच्या. शिव्या देण्याची सवय असलेल्या माणसाला रोज त्या खायला घालणं ही कोणाच्या डोक्यातून आलेली शिक्षा होती कोण जाणे. पगार तोच होता. पण दादाला पगाराचं पडलं नव्हतं. त्याला त्याची सीट परत हवी होती. बाकी काही नको होतं. दोन्ही पायांनी पेडलं दाबता येतात असा दाखला असेल तरच सीट, असा नियम होता, आणि घोडं तिथे अडलं होतं.

आणि मग ते तीन सत्पुरुष अवतरले.

झालं असं की वरून कुठूनतरी हुकूम आला होता: कॉलेजांनी नुसतं शिकवू नये, कारखान्यांनी नुसतं विकू नये, सरकारी खात्यांनी नुसतं बसू नये, तिघांनी हातात हात घालून लोकांचं भलं करावं. हुकूम वाईट नव्हता. पण हातात हात घातल्यावर काम करायला मोकळा हात उरत नाही, हे हुकूम काढणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. इंजिनिअरिंग कॉलेज, सुटे भाग बनवणारी एक कंपनी आणि बसचं महामंडळ अशा तिघांनी मिळून एक केंद्र काढलं. पाय गेलेल्या ड्रायव्हरला पुन्हा क्लच दाबता येईल असा विजेवर चालणारा पाय बनवायचा. अक्कल कॉलेजची, सामान कंपनीचं आणि माणूस महामंडळाचा. करारात तसंच लिहिलं होतं: महामंडळ एक चालक पुरवील. दादानं ते वाचलं तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय आता एकच होता, पण तेवढा पुरला.

तिघांना त्यानं पहिल्याच बैठकीत नावं ठेवली. कॉलेजचे प्राध्यापक म्हणजे 'अहवाल'. त्यांना काहीही सांगा, ते म्हणायचे, "हे आपण अहवालात घेऊ." दादा एकदा म्हणाला, "सर, पट्टा मांडीला काचतोय, रक्त आलंय." अहवाल म्हणाले, "फार महत्त्वाचं निरीक्षण आहे, हे आपण अहवालात घेऊ." पट्टा तसाच राहिला. कंपनीचा माणूस 'अत्तर'. तो यायच्या आधी त्याचा वास यायचा आणि गेल्यावरही पुष्कळ वेळ जायचा नाही. उद्घाटनाच्या भाषणात त्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "या कामासाठी आम्ही एका पायावर तयार आहोत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानं त्याच्या दोन्ही पायांकडे नीट पाहून घेतलं. तिसरे डेपोचे साहेब, ते 'बघूया'. रजा मागा, बदली मागा, खिडकीला पंखा मागा, उत्तर एकच. बाकीच्या दोघांना निदान आपण काहीतरी करतोय असा भ्रम होता. बघूयांना भ्रमही नव्हता, त्यांना फक्त निवृत्त व्हायचं होतं.

पाय तयार झाला. दिसायला झकास. काळा, चकचकीत, घोट्यात मोटर, पोटरीत बॅटरी. आणि पहिल्याच दिवशी भांडण लागलं की हा पाय कोणाचा.

अहवाल म्हणाले, शोध आमचा म्हणून पाय आमचा. अत्तर म्हणाला, साहित्य आमचं, साचे आमचे, पाय आमचा. बघूया म्हणाले, बसवलाय आमच्या माणसाला, तेव्हा बघूया. दादा खुर्चीत बसला होता, पाय त्याच्या अंगावर होता. पाय त्याचा असू शकतो, हे तिथे कोणाच्या मनातही आलं नाही. शेवटी तोडगा निघाला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट होतं. त्याला तीन कुलपं लावायची, प्रत्येकाकडे एकेक किल्ली. तिघं हजर असतील किंवा तिघांची माणसं हजर असतील तरच कपाट उघडायचं, दादानं पाय लावायचा, तास-दोन तास चालून दाखवायचं, आणि मग पाय काढून पुन्हा कपाटात.

काय बोलावं. पुढचं सगळं या कुलपांनी चालवलं. आज अत्तर परगावी, उद्या अहवालांची परीक्षा, परवा बघूयांचा शिपाई किल्ली आणायला विसरलेला. दादा ठरल्या वेळी कुबड्यांवर दोन बस बदलून कॉलेजात यायचा, विजारीचा डावा पाय दुमडून टाचणी लावलेला, आणि बंद कपाटासमोर बसायचा. विद्यार्थी त्याला चहा आणून द्यायचे. एकदा एका मुलीनं विचारलं, "काका, आज काय करणार?" दादा म्हणाला, "माझा पाय आत आहे. मी भेटायला आलोय. भेटीची वेळ झाली की सांग."

घरी आल्यावर तो तिघांचा उद्धार करायचा. बायको चादरींच्या वाफेनं लाल झालेले हात तेल लावून चोळत ऐकायची.

"त्या अहवालाला सांगितलं, माझ्या पायाचा घोटा उशिरा वळतो. मी म्हणतो दाब, तो विचार करतो, मग दाबतो. तोवर गाडी भिंतीत. तर म्हणतो कसा, ही प्रतिसादाची नोंद घ्यायला हवी. घे बाबा. भिंत पडल्यावर घे."

"अहो, पण देतायत ना पाय?"

"देतायत कुठे? दाखवतायत. दुकानाच्या काचेतला लाडू आहे तो."

"मग तोंड जरा आवरा. आधी पाय घ्या, मग काय ते बोला. ह्या तिघांना शिव्या द्यायला जन्म पडलाय. सीट गेली की तुम्ही दिवसभर घरात बसाल, आणि मग त्या शिव्या मी खायच्या का?"

ती म्हणत होती ते खरं होतं. कारण बघूयांनी त्याला खोलीत बोलावून, दार लोटून, स्पष्ट सांगितलं होतं. खिडकीची जागा वर्ष संपलं की बंद होणार, तिथे यंत्र बसणार. तोवर दादा ड्रायव्हर म्हणून पात्र ठरला तर ठीक, नाहीतर शरीरानं असमर्थ म्हणून कायमचा घरी. "केंद्राचा मोठा कार्यक्रम होतोय," बघूया म्हणाले, "मंत्री येणार आहेत. त्यांच्यासमोर गाडी चालवून दाखव. चालली, की सीट तुझी."

"लिहून द्या."

"बघूया."

आता त्या पायाची खरी गत सांगतो. घोट्याला जोर नव्हता. चालायला ठीक होता, सपाट जमिनीवर दादा झोकात चालायचा. पण क्लच म्हणजे चालणं नव्हे. एकदा तिघांनी हिंमत करून डेपोच्या मागच्या आवारात खऱ्या बसवर चाचणी घेतली. दादानं जुन्या गाडीचा क्लच दाबला. घोटा मागे वाकला, पाय पेडलवरून सटकला, बसनं बेडकासारखी उडी मारली आणि डिझेलच्या टाकीच्या कुंपणाला जाऊन टेकली. अत्तर पळाला तो थेट फाटकापर्यंत. दादानं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून अहवालांना म्हणाला, "ह्याला पाय म्हणत नाहीत. हा मोजा आहे, विजेचा."

तुम्हा-आम्हाला वाटेल, आता हे लोक घोटा मजबूत करतील. छे. त्यांनी प्रयोगशाळेत लाकडी चौकटीवर एक पेडल बसवलं आणि त्याची स्प्रिंग सैल केली. इतकी सैल की मांजर बसलं असतं तरी पेडल खाली गेलं असतं. पायानं ते पेडल दाबलं. अहवालांनी अहवाल लिहिला, अत्तरनं त्याचं रंगीत पुस्तक छापलं, बघूयांनी सही केली. दादाचा फोटो मुखपृष्ठावर. त्यात तो हसतोय असं वाटतं. खरं म्हणजे फोटोवाल्याला तो काहीतरी बोलत होता, आणि ते छापण्यासारखं नव्हतं.

"आपल्याला कुंपण आडवं आलं म्हणून बरं," दादा बायकोला म्हणाला. "शाळेच्या मुलांची रांग आली असती तर?"

"मग मंत्र्यांपुढे कशी चालवणार?"

त्या आठवड्यात तो शिव्याही कमी द्यायला लागला. त्याला भीती वाटत होती, आणि ती बायकोला दिसत होती. पाय सटकला तर मंत्री, मांडव, बँडवाले, सगळ्यांवर गाडी जाणार. सटकू नये म्हणून हळू केली तर गाडी बंद पडणार, आणि सीट जाणार.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. कॉलेजचं मैदान, मांडव, खुर्च्यांना पांढरी कापडं, व्यासपीठामागे तिन्ही संस्थांच्या खुणा असलेला भला मोठा पडदा. कपाट वेळेवर उघडलं. मंत्री येणार म्हटल्यावर तिन्ही किल्ल्या सकाळीच हजर होत्या, एरवी जे महिन्यात जमत नव्हतं ते न्याहारीआधी जमलं. दादानं पाय लावला. पट्टा तसाच काचत होता. बायको मागच्या रांगेत, कामाचा अर्धा दिवस बुडवून आलेली.

आणि मग बस आली. नवीकोरी, प्लॅस्टिक अजून सीटवर असलेली, पुढे फुलांची माळ. कामाची वाटणी तिघांनी आधीच केली होती. पाय कॉलेजनं आणायचा, गाडी कंपनीनं आणायची, माणूस महामंडळानं आणायचा. कंपनीचा मान राखायचा म्हणून अत्तरनं बाजारातली सगळ्यात भारी, सगळ्यात नवी बस मागवली होती. कशासाठी मागवतोय याचा त्याला विचार करायचं कारण नव्हतं, ते काम त्याच्या वाटणीत नव्हतं.

दादा पायरी धरून वर चढला, सीटवर बसला, दार लावलं आणि खाली बघितलं.

दोनच पेडलं होती. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. दोन्ही उजव्या पायाची. क्लच नव्हताच. गिअर गाडी आपले आपण टाकत होती.

क्लच दाबणारा पाय दाखवायचा कार्यक्रम, आणि गाडी बिनक्लचची. एवढी मोठमोठी माणसं, एवढ्या बैठका, एवढी कुलपं, आणि गाडीत वाकून बघायचं एकालाही सुचलं नाही. दादा आधी हसला. पोट धरून हसला. मग त्यानं पट्टा सोडला, तो काचणारा पाय मांडीपासून काढला आणि बाजूला ठेवला. काचेच्या खालचं बाहेरून कोणाला दिसत नव्हतं.

त्यानं गाडी उचलली.

आणि त्याला रडू आलं. ते त्यानं नंतर बायकोलाही सांगितलं नाही, पण आलं. हाताखाली स्टिअरिंग, बुडाखाली इंजिनाची थरथर, समोर मोठ्या काचेतून येणारा रस्ता, म्हणजे मैदानच, पण त्याला तो रस्ताच वाटला. खिडकीची जाळी, स्टूल, 'किती वाजता सुटणार हो', सगळं मागे पडलं. त्यानं मैदानाला फेरी मारली. दुसरी मारली. वळण असं घेतलं की माळेतलं एक फूल हललं नाही. बाहेर कर्ण्यातून अहवालांचा आवाज येत होता: "डाव्या पायाची सहजता पाहावी. मेंदू, मोटर आणि पेडल यांचा हा संगम पाहावा." डावा पाय शेजारी आडवा पडला होता, पेन्शन मिळाल्यासारखा.

फेरी संपली. दादानं गाडी व्यासपीठासमोर अगदी मापात उभी केली. टाळ्या. फोटोवाले दाराशी गोळा झाले. दार उघडेना. दार आतल्या बटणावर होतं, आणि बटण दादाकडे.

बघूया हसतमुखानं ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आले. "चल, उतर. मंत्री वाट बघतायत."

दादानं पाय उचलून खिडकीच्या कडेपर्यंत आणला, फक्त बघूयांना दिसेल इतका. मग खाली बोट दाखवलं. बघूया टाचा उंच करून आत वाकले. पेडलं मोजली. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"आता असं करतो," दादा हळू आवाजात म्हणाला, "मी असाच उतरतो. हातात पाय घेऊन, एका पायावर उड्या मारत. फोटो छान येईल. मंत्री विचारतील, मी सांगेन."

"अरे, असं करू नकोस. तुझी सीट—"

"लिहून द्या."

"उद्या सकाळी बघ—"

दादानं तो शब्द पुरा होऊ दिला नाही. त्यानं हॉर्न दाबला. लांब दाबला. मंत्र्यांनी इकडे मान वळवली.

एवढ्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. बघूयांनी कार्यक्रमपत्रिका उलटी केली, बसच्या पत्र्यावर टेकवली आणि लिहिलं, की अमुक चालक नव्या गाड्यांवर कामास पात्र असून त्यास तात्काळ रुजू करून घ्यावे. सही केली. अहवाल आणि अत्तर काय झालं बघायला धावत आले, त्यांनीही आत वाकून पाहिलं, आणि कोणी न मागता दोघांनी खाली साक्षीच्या सह्या केल्या. घामानं अत्तरचा वास बदलला होता.

"पण एक ऐक," बघूया कागद न सोडता म्हणाले. आता त्यांच्या आवाजात गुळमुळीतपणा राहिला नव्हता. "ह्या गाडीत क्लच नव्हता हा शब्द तुझ्या तोंडून बाहेर गेला, एका माणसाकडे जरी गेला, तर हा कागद मीच रद्द करीन. पायामुळे चालली, एवढंच. कबूल?"

दादानं कागद ओढून घेतला. "कबूल," तो म्हणाला.

पाय लावून तो खाली उतरला. मंत्र्यांनी पुष्पगुच्छ दिला. मग माईक पुढे केला. "कसा वाटला पाय?"

"हलका," दादा म्हणाला. "लावलाय असं वाटलंच नाही."

टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेत बायको उभी राहून वाजवत होती, तिचे लाल हात डोक्याच्या वर.

सीट मिळाली. खरंच मिळाली. दादाला नव्या बिनक्लचच्या गाडीचा रूट मिळाला, गावाबाहेरच्या वसाहतीपर्यंत जाऊन परत. चकचकीत पाय पुन्हा कपाटात गेला, दादा नव्यानं घेतलेला साधा प्लॅस्टिकचा पाय लावून यायचा आणि तो कोणता पाय आहे हे कोणी विचारलं नाही. प्रवाशांना तो पूर्वीसारखाच ओरडायला लागला. लोंबकळणाऱ्याला म्हणायचा, "आत ये, नाहीतर पाय देऊन जाशील." बायको पुन्हा धावत यायची, तो तिच्यासाठी थांबायचा आणि लोकांदेखत तिला उशीर झाल्याबद्दल बोलायचा. दोघांचं बरं चाललं होतं. संध्याकाळी घरी, दार लावून, तो तिघांचा उद्धार करायचा, आता जरा जास्तच चवीनं.

"बिनक्लचच्या गाडीत क्लचचा पाय. असले हे विद्वान. आणि मी त्यांच्याकडून बसच्या पत्र्यावर सही घेतली. ज्यांना एक पट्टा सैल करता आला नाही त्यांच्याकडून."

आणि केंद्राची भरभराट झाली. यशस्वी प्रयोग म्हटल्यावर दुसरा टप्पा आला. आता असे बरेच पाय बनणार होते, आणि महामंडळाबाहेरच्या ड्रायव्हरांनाही मिळणार होते. तिघंही वर चढले. बघूयांची निवृत्ती पुढे ढकलून त्यांना केंद्राचं प्रमुख केलं आणि डेपोतच माडीवर खोली दिली. घोटा तोच होता. घोट्याला कोणी हात लावला नव्हता, कारण घोट्याची तक्रार कोणत्याच कागदावर नव्हती.

एके दुपारी दादाची गाडी स्टँडवर उभी होती. सुटायला वेळ होता. एक बाई कुबड्या टेकत आली, चाळिशीची, रापलेली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. डावा पाय गुडघ्याखाली नाही. ती गाडीच्या पायरीशी थांबली आणि तिनं वर बघितलं.

"दादा तुम्हीच ना? पुस्तकावर फोटो आहे ते?"

"मग? फोटो बघायला आलात?"

ती हसली. तिला तो सूर आवडलेला दिसला. "दुधाचा टँकर चालवायचे मी. घाटातून. नवरा गेल्यापासून मीच. आता हे असं झालं. पाय मिळाला की मालक परत घेतो म्हणतोय. तिकडे वर," तिनं माडीकडे हनुवटी केली, "कागद दिलाय. वापरताना काही झालं तर जबाबदारी माझी, असं लिहून द्यायचं. म्हटलं सही करायच्या आधी तुम्हाला विचारावं."

"काय विचारायचंय?"

"टँकरचा क्लच जड असतो. भरलेला टँकर, घाट, वळणावर गाडी थांबवून उचलायची. तुमच्या पायानं पुरा दाबला जातो का क्लच?"

दादा पायरीवर बसला. त्याला वर बघायची गरज नव्हती. बघूया माडीच्या कठड्याला टेकून चहा पीत उभे होते आणि इकडेच बघत होते, हे त्यानं बाई येण्याआधीच पाहिलं होतं. एवढ्या लांबून त्यांना शब्द ऐकू येणार नव्हता. पण बाई सही न करता परत गेली तर कारण त्यांना कळणार होतं. त्याच्या खिशात घडी घातलेली कार्यक्रमपत्रिका होती, ती तो रोज बरोबर ठेवायचा. त्याला खिडकीची जाळी आठवली, आता तर तीही उरली नव्हती, तिथे यंत्र बोलत होतं. त्याला बस कुंपणावर गेलेली आठवली. सांगायचं ते दोनच शब्दांचं होतं, आणि आयुष्यात कोणाला तोंडावर सांगायला तो कधी कचरला नव्हता.

"सवय होते," तो म्हणाला.

"पुरा दाबतो ना पण?"

"सुरुवातीला जड जातं. मग होते सवय."

बाईनं सुस्कारा सोडला. कुबड्या बसला टेकवून ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, तिनं पिशवीतून कागद काढला आणि मांडीवर सरळ केला.

"बरं झालं तुम्ही भेटलात," ती म्हणाली. "त्या तिघांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, तिघंही फार गोड बोलतात. लोक म्हणाले, दादा तोंडाचे खवट आहेत पण खोटं बोलायचे नाहीत, त्यांना विचार. पेन आहे का हो?"

दादानं खिशातलं पेन दिलं. तिनं सही केली, पेन पुसून परत दिलं आणि कुबड्या घेऊन जिन्याकडे गेली. गाडी भरत आली होती. कोणीतरी आतून घंटी उगाच दोनदा वाजवली, आणि दादा काही बोलला नाही.